डार्क फँटसीत राखणदाराचा हिशेब कसा मांडायचा

तेरा ते सतरा वयाच्या वाचकांसाठी डार्क फँटसी लिहिताना पहिली चूक बहुधा पहिल्याच प्रकरणात होते: जग बुडायला निघालेलं असतं. पंधरा वर्षांच्या मुलीने जग वाचवायचं म्हटलं की वाचक निर्धास्त होतो, कारण जग बुडणार नाही हे त्याला ठाऊक असतं. तिचा धाकटा भाऊ मात्र खरोखर जाऊ शकतो. म्हणून काय पणाला लागलंय ते नावानिशी ठरवा. ते गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरात नेमकं काय बदललेलं असेल, हे दोन ओळींत लिहून बघा. लिहिता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

उदाहरणाला कोकणातलं खाडीकाठचं गाव घेऊ. गिऱ्ह्याने, म्हणजे पाण्यातल्या भुताने, भावाला पाण्यात ओढलंय आणि मुलगी राखणदाराला, म्हणजे गाव राखणाऱ्या दैवताला, गाऱ्हाणं घालते. बोललेला नवस फेडावाच लागतो, हे तिकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. नारळ, कोंबडा, रोट हा दर लोकांना माहीत असतो. तुम्ही फक्त तो वाढवायचा. समजा नियम असा: प्रत्येक मागणीला एक आवाज. त्या दिवशी तिने सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज राखणदार घेणार आणि त्या माणसाचं बोलणं तिला पुन्हा कधीही ऐकू येणार नाही. मागण्या तीनच.

हा नियम चालतो, कारण त्यातून वागणं बदलतं. पहिल्या मागणीला आईचा आवाज जातो. दुसऱ्या वेळी मुलगी शहाणी होते, दिवसभर शाळेत नावडत्या सरांच्या समोरच्या बाकावर बसते आणि मैत्रिणीला टाळते. वाचकाला ही चलाखी आवडते. तिसऱ्या दिवशी पहाटेपासून भाऊ पाण्यातून हाका मारू लागतो, त्याही फक्त तिलाच ऐकू येणाऱ्या. आता सगळ्यात जास्त ऐकलेला आवाज त्याचा, आणि अंधारात त्याला शोधायला तीच हाक लागणार. किंमत अशी निवडावी की शेवटी लागणारं हत्यारच ती खाऊन टाकेल. नुसतं रक्त सांडण्याने हे साधत नाही. बोट कापलं, पट्टी बांधली, वाचक विसरला.

पळवाटा आधीच बुजवा. मोबाइलवरचा आवाज धरायचा का? रेडिओचा? याचं उत्तर तिसऱ्या प्रकरणाच्या आत यायला हवं आणि पहिली किंमतही तोवर वसूल झालेली हवी. अडचण आल्यावर नवा नियम काढलात की वाचकाचा विश्वास तिथेच संपतो.

वेळेचं गणित तर हमखास चुकतं. ‘अमावास्येच्या मध्यरात्री ओहोटीच्या पाण्यातून ती खाडी ओलांडू लागली’ हे वाक्य कोकणातला कोळ्याचा पोर हसून बाजूला ठेवेल. किनाऱ्यावरचा ढोबळ हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती पूर्ण भरतीची वेळ, तिथून साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चतुर्थीला तीन वाजता भरती, नऊला ओहोटी. अमावास्येला, म्हणजे पंधराव्या तिथीला, सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास भरती, तीही उधाणाची. म्हणजे मध्यरात्री खाडी तुडुंब. पाणी उतरणार पहाटे पाच-सहाला. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सगळ्यात कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, तेव्हा पाणी फारसं उतरतच नाही. खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते, तेही धरा. हे पाळलंत तर मुलीला आख्खी रात्र अलीकडच्या काठावर काढावी लागते, आणि ताण आपसूक वाढतो. पांढरी साडी आणि पैंजणांचा आवाज घालायची गरज उरत नाही.

मोठी माणसं काय करत असतात? त्यांना मूर्ख ठरवणं किंवा सोयीने गावाला पाठवणं हा आळस आहे. ‘मोबाइलला रेंज नाही’ हाही त्यातलाच. त्यांना कारण द्या. गावच्या मानकऱ्यांना सगळं माहीत आहे, पण गेल्या पिढीत गिऱ्ह्याशी झालेल्या करारामुळे गावाची एकही होडी बुडालेली नाही. तो मोडला तर बाकीची मुलं जातील. आता त्यांचं गप्प राहणंही पटतं, आणि मुलीला विरोध करणारा माणूस खलनायक असावाच लागत नाही.

लिहिताना एक तक्ता ठेवा: प्रकरण, तिथी, मागणी, गेलेला आवाज, कुणाला काय माहीत. आईचा आवाज दुसऱ्या प्रकरणात गेला असेल तर नवव्यात आई ‘जेवायला ये’ म्हणाली आणि मुलीने ओ दिली, असं होता कामा नये. अशा चुका पहिल्या खर्ड्यात सापडतातच. संवाद शोधून एकेक तपासा.

मग खर्डा चौदा-पंधरा वर्षांच्या दोघातिघांना द्या. ‘आवडलं का’ विचारू नका, ‘तू काय केलं असतंस’ विचारा. त्यांनी सोपी वाट दाखवली तर ती सुरुवातीलाच बंद करा, नाहीतर नायिकेला ती वापरू द्या आणि तिचीही किंमत घ्या.