बंदरातला धूर चंद्रपूरला पाठवू नका : कंटेनर यार्ड विजेवर नेताना होणाऱ्या चुका

हिंगणघाटच्या जिनिंगमधून गाठी निघतात, कंटेनरात चढतात आणि न्हावा शेवाला जाऊन जहाजात बसतात. बंदर सातआठशे किलोमीटरवर असलं तरी त्याचा हिशेब आपल्या दारातून सुरू होतो. न्हावा शेवा बंदर चालवणाऱ्या जेएनपीएने वर्धा जिल्ह्यात सिंदी रेल्वेजवळ ड्राय पोर्टसाठी, म्हणजे समुद्रापासून दूरच्या कंटेनर बंदरासाठी, जागा घेतल्यापासून तर 'यार्ड डिझेलवरून विजेवर नेऊ' असं बोलणारे इकडेही भेटतात. मी यार्ड आणि जिनिंगची वायरिंग, ट्रान्सफॉर्मरची कामं करतो. त्याच त्या चुका पाहून वैतागलोय, म्हणून हे लिहितो.

सगळ्यात मोठी चूक वायरमनची नाही, हिशेबाची आहे. डिझेल बंद केलं, केबल लावली, झालं यार्ड हिरवं! पण भाऊ, ती वीज येते कुठून? एक लिटर डिझेल जळलं की साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि जनसेट (डिझेल जनरेटर) त्यातून तीन-साडेतीन युनिट देतो. म्हणजे युनिटमागे 800 ग्रॅम. देशाच्या ग्रिडमधल्या विजेचं सरासरी प्रमाणही 700 ग्रॅमच्या आसपास आहे, कारण निम्म्याहून जास्त वीज कोळशाचीच. 2,920 मेगावॅटचं चंद्रपूरचं कोळशाचं वीजकेंद्र आपल्याच उशाला आहे. तिथली राख कपड्यावर कशी बसते, हे आपल्याला सांगावं लागत नाही.

मग क्रेन विजेवर नेऊच नये का? न्यावी. चाकांवर फिरून कंटेनर रचणारी आरटीजी क्रेन बराच वेळ पुढच्या ट्रेलरची वाट पाहत उभी असते, आणि तेवढा वेळ तिचं इंजिन फुकट धडधडत असतं. हे फुकटचं जळणं केबलवर थांबतं. शिवाय कंटेनरचा डबा खाली उतरताना मोटर उलटी वीज तयार करते. जुन्या क्रेनमध्ये ती रेझिस्टरमध्ये गरम होऊन वाया जाते, नव्यात परत वापरता येते. फायदा खरा आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा सौर किंवा पवनविजेच्या करारातून येतो. तो करार क्रेनच्या ऑर्डरबरोबरच व्हायला हवा. 'तो पुढच्या वर्षी करू' म्हणणारे पुढच्या वर्षीही तेच म्हणतात. केंद्राने 2023 मध्ये मोठ्या बंदरांसाठी 'हरित सागर' मार्गदर्शिका आणली. तीत 2030 पर्यंत निम्मी यंत्रं विजेवर आणि 60 टक्क्यांहून जास्त वीज अक्षय स्रोतांची, अशी दोन्ही उद्दिष्टं शेजारी शेजारी ठेवली आहेत. एक गाठून दुसरं सोडलं, तर धूर फक्त गाव बदलतो.

'ऊन आहे, मग लाईट का गेली?'

ही तक्रार मला दर उन्हाळ्यात येते. वादळात फिडर (यार्डाला वीज आणणारी लाईन) पडतो आणि छतावर लाखोंचे सौर पॅनल असून यार्ड अंधारात. यात बिघाड काहीच नाही. ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर ग्रिड गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव जाईल. अशा वेळी सौर चालू ठेवायचं असेल तर बॅटरी हवी, किंवा जनसेटबरोबर चालवणारा कंट्रोलर. एका यार्डात कंट्रोलर न लावताच दोन्ही जोडले होते. दुपारी लोड कमी झाला, सौर वीज उलटी जनसेटमध्ये घुसली आणि उलटी वीज आली की जनसेट बंद करणारा रिव्हर्स पॉवर रिले पडला. मालकाने तीन दिवस जनसेटवाल्याला शिव्या घातल्या. जनसेटवर निदान 30 टक्के लोड राहील असं सेटिंग करा, हा ताप संपतो. केबलवाली क्रेन जनसेटवर चालवताना डबा उतरवला की ट्रिप होत असेल, तर कारण हेच.

दुसरा ट्रिप रीफरचा, म्हणजे थंड कंटेनरचा. लाईट परत आली की सगळे कॉम्प्रेसर एकदम उठतात आणि मेन ब्रेकर पडतो. मग कोणी तरी मोठा ब्रेकर बसवतो. असं करू नका. पाच-पाच रीफर थोड्या अंतराने सुरू होतील असा टायमर लावा. आणि संत्री बागेतून काढून तापलेली थेट रीफरमध्ये भरू नका. रीफर थंड माल थंड ठेवायला बनलाय, गरम माल गार करायला नाही. आधी प्रीकूलिंग करा, नाहीतर मीटर धावतो आणि फळही नासतं.

चार्जिंगची चूक सोपी आणि महागडी आहे. शिफ्ट सुटली की संध्याकाळी सातला सगळ्या गाड्या चार्जिंगला. केंद्राच्या 2023 च्या नियमांप्रमाणे उद्योगांना सौर तासांत, म्हणजे दिवसा उन्हाच्या वेळी, वीज किमान 20 टक्के स्वस्त आणि जास्त मागणीच्या (पीक) तासांत किमान 20 टक्के महाग. जेवणाच्या सुट्टीत लावा. फक्त मे महिन्यात चार्जर आणि गाडी सावलीत असू द्या, 46 अंशांत दोन्ही स्वतःहून वेग कमी करतात.

पॅनलचंही तेच. तापमान वाढलं की उत्पादन घटतं, त्यामुळे पत्र्याला चिकटवून बसवू नका, खालून हवा खेळू द्या. जिनिंगजवळ रुईचा भुसा आणि धूळ बसतेच. धुवा, पण पहाटे. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते. बोअरचं क्षाराचं पाणी वाळलं की पांढरा थर राहतो, तो धुळीपेक्षा चिवट.

जहाजाला धक्क्यावर वीज देण्याची गोष्ट आपल्या यार्डाची नाही, तरी एक सांगतो. बहुतेक मोठी जहाजं 60 हर्ट्झवर चालतात, आपली ग्रिड 50 वर. फ्रिक्वेन्सी कन्व्हर्टर विसरला तर सगळा खर्च धक्क्यावर पडून राहतो.

राहिली आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगा, पावसात फुगणं. उथळ फाउंडेशनवर पॅनलचे स्टँड वाकतात, क्रेनच्या केबलची चर सरकते. पाया मुरमापर्यंत न्या. अर्थिंगचं माप ठेकेदार ऑगस्टमध्ये घेतो, तेव्हा माती ओली असते आणि आकडा झकास येतो. तुम्ही ते मे महिन्यात पुन्हा घ्यायला लावा, आणि बिल त्यानंतर द्या.