परदेशात इंग्रजी शिकवायचंय? आधी व्हिसाचा नियम बघा, मग कोर्स

'कोणता कोर्स करू?' हा प्रश्न सगळेच विचारतात. 'कुठे जाणार?' हा त्याच्या आधीचा प्रश्न. उदाहरणार्थ, दक्षिण कोरियाचा इ-२, म्हणजे परदेशी भाषा शिकवणाऱ्यांचा व्हिसा, मुख्यतः अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे नुसतं प्रमाणपत्र दाखवून काम होत नाही. त्यामुळे पैसे भरायच्या आधी त्या देशाच्या दूतावासाचं पान नीट वाचा. बहुतेक ठिकाणी पदवी लागतेच, आणि कुठलाही कोर्स पदवीची जागा घेत नाही.

टेफल आणि टेसॉल म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना इंग्रजी शिकवणं. ही विषयाची नावं आहेत, बोर्डाची नाहीत. '१२० तासांचा टेफल' असं प्रमाणपत्र कुणीही छापू शकतं. 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं लिहिलेलं दिसलं की विचारा, मान्यता कुणाची? पुष्कळदा मान्यता देणारी संस्थाही अशाच कोर्सवाल्यांनी उभी केलेली असते. इंग्लंडमधली अशी पात्रता असेल तर ऑफक्वालच्या, म्हणजे तिथल्या पात्रता-नियामक संस्थेच्या, सार्वजनिक नोंदवहीत तिचा क्रमांक सापडायला हवा.

तिथे खात्रीने सापडणारी दोन नावं म्हणजे केंब्रिजचं सेल्टा आणि ट्रिनिटी कॉलेज लंडनचं सर्टटेसॉल. त्या नोंदवहीत दोन्ही पाचव्या पातळीची. सेल्टा साधारण १२० तासांचं, सर्टटेसॉल किमान १३० तासांचं. पूर्णवेळ केलं तर चार-पाच आठवडे लागतात. पण खरा आकडा १२० नव्हे, ६ आहे. खऱ्या विद्यार्थ्यांसमोर, किमान दोन वेगळ्या पातळ्यांच्या वर्गात, प्रशिक्षक मागे बसलेला असताना सहा तास शिकवावं लागतं. ४५ मिनिटांचा एक पाठ धरला तर आठ पाठ. नोकरी देणारा याचीच किंमत करतो. घरबसल्या व्हिडिओ बघून मिळालेल्या प्रमाणपत्रात नेमकं हेच नसतं, म्हणून ते स्वस्त पडतं.

सेल्टाच्या प्रवेशासाठी आधी एक लेखी काम असतं, मग मुलाखत. आपली मंडळी अडकतात ती व्याकरणात, आणि तेही अवघड व्याकरणात नव्हे. 'मी काल नाशिकला गेलो होतो' हे डोक्यात असतं, म्हणून तोंडून 'आय हॅड गॉन टु नाशिक यस्टरडे' निघतं. इंग्रजीला तिथे साधा 'वेन्ट' हवा. 'हॅड गॉन' चालेल, पण त्यानंतर घडलेली दुसरी भूतकाळातली गोष्ट समोर असली तरच. हा फरक दोन वाक्यांत समजावता आला पाहिजे. नुसतं 'पास्ट परफेक्ट' असं नाव सांगून भागत नाही.

वर्गात तर नियम सांगण्यापेक्षा प्रश्न विचारण्याला महत्त्व. 'आय यूस्ट टु लिव्ह इन पुणे' शिकवताना 'समजलं का?' विचारलं तर सगळे माना डोलावतात आणि तुम्हाला काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारायचं: तो आता पुण्यात राहतो का? आधी राहत होता का? एकदाच की बराच काळ? उत्तर चुकलं की अर्थ कुठे निसटला ते लगेच दिसतं. आणखी एक नेहमीची चूक: कागद आधी वाटायचे आणि सूचना नंतर द्यायच्या. कागद हातात पडला की कुणी ऐकत नाही. आधी सूचना, मग एक नमुना सोडवून दाखवणं, मग कागद.

सेल्टाचे चार लेखी निबंध असतात, प्रत्येकी ७५० ते १००० शब्दांचे. निबंध नापास झाला तर एकदाच सुधारून देता येतो. बहुतेकांचा दम तिसऱ्या आठवड्यात निघतो. प्रशिक्षकांची मदत कमी होत जाते, पाठाचं नियोजन रात्री उशिरापर्यंत चालतं, आणि निबंधाची तारीख नेमकी तेव्हाच येते. नोकरी सांभाळून करायचं असेल तर अर्धवेळच घ्या. पूर्णवेळ कोर्ससोबत दुसरं काहीही जमत नाही, हे गांभीर्याने घ्या.

शुल्क केंब्रिज ठरवत नाही, कोर्स चालवणारं केंद्र ठरवतं. म्हणून दोन-तीन केंद्रांना विचारा: एका गटात किती जण? वर्गातले विद्यार्थी कोण? मध्येच सोडावं लागलं तर पैशांचं काय?

दोन्ही कोर्स बी.एड.ला पर्याय नाहीत. सेल्टाचा भर प्रौढांना शिकवण्यावर आहे. आंतरराष्ट्रीय शाळेत शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड.चीच वाट धरा.

कागदपत्रांना वेळ ठेवा. पदवी प्रमाणपत्र आधी राज्य पातळीवर प्रमाणित होतं, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का, मिळतं.  संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर त्यांच्या दूतावासाचाही शिक्का लागतो. पदवीवरचं आणि पासपोर्टवरचं नाव जुळत नसेल तर ते काम कोर्सला बसण्याआधी उरकून घ्या.