भर मे महिन्यात एसी बंद पडला, तर आधी काय कराल?

नवतपा सुरू असतो, नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या पुढे सरकलेला असतो आणि नेमका तेव्हाच एसी गार हवा द्यायचं बंद करतो. यात नशिबाचा दोष फारसा नाही. यंत्रावर सगळ्यात जास्त ताण याच दिवसांत येतो, गल्लीतले सगळे एसी एकदम चालू असल्याने व्होल्टेज याच दिवसांत पडतं आणि मेकॅनिकचा फोनही याच दिवसांत लागत नाही. लागलाच तर ‘संध्याकाळी येतो’ असं उत्तर मिळतं, पण कोणत्या संध्याकाळी ते विचारायची सोय नसते. मधला वेळ आपल्यालाच निभवायचा असतो.

१. आधी माणसं, मग यंत्र

घरात म्हातारं माणूस, तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा हृदयाचा, किडनीचा आजार असलेलं कुणी असेल, तर रिमोटशी खटपट करण्याआधी त्यांना घरातल्या सगळ्यात गार खोलीत हलवा. ही खोली बहुधा तळमजल्यावरची असते. वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत आग ओकतो. उन्हाच्या बाजूच्या खिडक्या बंद करून पडदे ओढा, आणि बाहेरची हवा निवली की सगळ्या उघडा. शेजाऱ्यांकडे एसी चालू असेल तर आजी-आजोबांना दुपारभर तिकडे पाठवायला संकोच करू नका.

पंख्याबद्दल एक गैरसमज आहे. खोलीतलीच हवा ४० अंशांच्या वर गेली, की नुसता पंखा अंगावर गरम झोत मारतो. अंगावर ओला पंचा घ्या, हातपाय, मान ओली ठेवा. मग त्याच पंख्याचा उपयोग होतो. तहान लागायची वाट न बघता पाणी, ताक, पन्हं थोडं थोडं देत राहा. डॉक्टरांनी पाण्यावर मर्यादा घातली असेल तर त्यांना फोन करून विचारा.

कुणी असंबद्ध बोलू लागलं, झोकांड्या खाऊ लागलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबून राहू नका. कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत, मानेला आणि जांघेत फडक्यात गुंडाळलेला बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटामॉलही देऊ नका, या तापावर ती चालत नाही.

२. वीज आपलीच गेली की गल्लीची?

गल्लीची गेली असेल तर महावितरणच्या १९१२ वर तक्रार नोंदवा आणि एसीचा स्विच बंद ठेवा. वीज येता-जाताना होणारे झटके कॉम्प्रेसरला मारक ठरतात. वीज फक्त आपली गेली असेल तर बोर्डातला एमसीबी, म्हणजे जास्त भार किंवा शॉर्ट झाला की आपोआप पडणारा स्विच, बघा. पडलेला असेल तर एकदाच वर करा. लगेच परत पडला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. पुन्हापुन्हा उचलून त्याच्याशी भांडू नका. जळका वास आला किंवा प्लग काळा पडलेला दिसला तर मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियन येईपर्यंत त्या पॉइंटला हात लावू नका.

३. स्वतः तपासता येईल तेवढंच तपासा

रिमोट ‘कूल’ मोडवर आहे का बघा. हसू नका, मुलांच्या हातात रिमोट गेला की तो ‘फॅन’वर जातोच. बंद करून लगेच चालू केलं असेल तर कॉम्प्रेसर सुरू व्हायला तीन-चार मिनिटं घेतो, तेवढं थांबा. स्टॅबिलायझरवर लो व्होल्टेज दिसत असेल तर एसी ठीक आहे, लाइन ठीक नाही.

मग फिल्टर काढा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ त्यावर गोधडीसारखी बसते. हवा अडली की आतल्या कॉइलवर बर्फ धरतो आणि गारवा उलट कमी होतो. बर्फ दिसला तर खरवडू नका. एसी बंद करून तो वितळू द्या, फिल्टर धुऊन, सुकवून लावा. बऱ्याच ‘बिघाडां’चं औषध एवढंच असतं.

बाहेरच्या युनिटकडे नुसतं बघा. पंखा फिरतोय का? जाळीत प्लास्टिकची पिशवी किंवा कबुतराची काटक्या-पिसं अडकली आहेत का? आतून हुंकार येतो पण पंखा फिरत नाही, तर बहुधा मोटरला धक्का देऊन सुरू करणारा कपॅसिटर गेला आहे. झाकण मात्र उघडू नका. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतका चार्ज राहतो.

४. माळ्यावरचा कूलर काढताना

इथे घाई करू नका. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात, त्यात लहान मुलंही असतात. पत्र्याची बॉडी, पाण्यात बुडालेला पंप, ओली फरशी आणि अनवाणी पाय हे सगळं एकाच जागी येतं. वर्षभर पडून असलेल्या कूलरची वायर उंदरांनी कुरतडलेली असू शकते. ती टोकापासून टोकापर्यंत बघा, कुठेही तांबं दिसलं तर लावू नका. प्लग तीन पिनचाच हवा आणि सॉकेटला खरंच अर्थिंग हवं. बोर्डात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की क्षणात पुरवठा तोडणारा स्विच, असेल तर उत्तम. पाणी भरताना फक्त स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग उपसून ठेवा. पायात रबरी चप्पल हवीच.

कुणी चिकटलंच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने दूर करा आणि १०८ ला बोलवा.

कूलर खिडकीत लावा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत नुसती चिकचिक होते. कोकणातल्या दमट हवेत मात्र हा उपाय चालायचा नाही.

५. मेकॅनिक आल्यावर

‘गॅस संपला’ हे वाक्य हमखास ऐकाल. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतो आहे. आधी गळती शोधायला सांगा. ती बुजवून, व्हॅक्यूम करून (पाइपांतली हवा पंपाने काढून) मगच गॅस भरू द्या, नाहीतर महिन्याभरात तेच पैसे पुन्हा मोजाल. बऱ्याच नव्या एसींत आर-३२ नावाचा गॅस असतो, तो थोडाफार पेट घेऊ शकतो, म्हणून काम चालू असताना जवळ विडी-सिगारेट नको. बदललेला पार्ट मागून घ्या, बिलावर त्याचं नाव लिहून घ्या आणि पैसे देण्याआधी एसी पंधरा-वीस मिनिटं चालवून बघा.