पैठणीचा माग ग्रंथालयात कसा काढावा

'पैठणी' एवढाच विषय घेऊन विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलात, तर दोन रंगीत पुस्तकं चाळून संध्याकाळी परत याल. म्हणून निघण्याआधी नेमका प्रश्न ठरवा. उदाहरणार्थ, येवल्याच्या पैठणीच्या पदरावर बांगडी मोर (बांगडीसारख्या गोलात विणलेला मोर) कधीपासून दिसतो? हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि त्याखाली शोधायचे शब्द: पैठण, येवला, रेशीम, जर, काठ, असावली, मुनिया (शेवटची दोन पैठणीवरच्या नक्ष्यांची नावं). गावांची रोमन स्पेलिंगं जुन्या छपाईत वेगवेगळी सापडतात, तीही सगळी टिपून ठेवा.

तुम्ही त्या विद्यापीठाचे विद्यार्थी नसाल तर आधी फोन करा. बाहेरच्या वाचकाला कोणतं ओळखपत्र किंवा पत्र लागतं, हे तिथूनच कळेल.

आत गेल्यावर ओपॅकवर, म्हणजे संगणकावरच्या ग्रंथसूचीत, शब्द टाकून बघा. पण एकाच कपाटावर थांबू नका. ड्युई पद्धतीच्या, म्हणजे विषयांना क्रमांक देऊन पुस्तकं लावणाऱ्या ग्रंथालयात वस्त्रकला 746 ला असते, कापडउद्योग 677 ला आणि पोशाख 391 ला. पैठणीची माहिती या तिन्हीकडे विखुरलेली असते. कॉल नंबर, म्हणजे पुस्तकाच्या जागेचा क्रमांक, मिळाला की कपाटापाशी उभं राहून आजूबाजूची पुस्तकंही काढा. मला तरी कामाची पुस्तकं बहुतेक वेळा शेजारच्याच फळीवर मिळाली आहेत.

खरा खजिना संदर्भ विभागात असतो. तिथे जुनी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्यांची सरकारी माहितीपुस्तकं, मागा. येवला मुंबई इलाख्यात होतं, म्हणून तिथल्या रेशीमविणकामाचं वर्णन नाशिक जिल्ह्याच्या 1883 च्या खंडात मिळतं. पैठण मात्र निजामाच्या राज्यात, त्यामुळे त्यासाठी 1884 चं औरंगाबादचं गॅझेटियर उघडावं लागतं. एकाच साडीची कागदपत्रं दोन राजवटींत वाटली गेली आहेत. हे ध्यानात आलं नाही, तर 'पैठणबद्दल काहीच मिळत नाही' म्हणून माणूस हताश होतो. तुमचा विषय कोणताही असो, ते गाव त्या काळी कोणाच्या अमलाखाली होतं ते आधी बघा.

मग नियतकालिकांचे बांधीव खंड. 'जर्नल ऑफ इंडियन आर्ट' 1884 ते 1917 या काळात निघत होतं आणि त्यात कारागिरीची मोठी चित्रपत्रं आहेत. ती घडी न घालता, सपाट टेबलावर, दोन्ही हातांनी उलटा. जवळ फक्त पेन्सिल ठेवा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर चौकटीच्या कडेला पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. रंगावर मात्र विसंबू नका. जुन्या छपाईतला जांभळा मुळात वांगी रंगाचा असू शकतो. प्रत्येक फोटोसोबत ग्रंथाचं नाव, वर्ष, पान आणि चित्रपत्राचा क्रमांक लगेच लिहा. घरी आल्यावर चाळीस फोटोंमधला कोणता कुठला, हे आठवत नाही.

'शोधगंगा' या संकेतस्थळावर देशभरातल्या पीएच.डी.चे प्रबंध आहेत. प्रबंध मागून वाचायला घ्या, म्हणजे संदर्भसूचीपासून. दोन-तीन प्रबंधांत तेच जुनं पुस्तक आलेलं दिसलं, की ते मिळवायलाच हवं.

ते पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नसेल तर ग्रंथपालांना आपली वही दाखवा. तुमचं काय काय पाहून झालंय हे त्यांना कळलं, की दुसऱ्या ग्रंथालयातून ते मागवता येईल का, हे त्यांना लगेच सांगता येतं.