पुरातत्त्व आणि मूर्तिकला शिकताना: एम.ए.च्या विद्यार्थ्यांनी या चुका टाळा

अंबरनाथच्या शिवमंदिरावर निबंध लिहायला सांगितला की काही वह्यांत पहिलेच वाक्य असते, ‘हे मंदिर हेमाडपंती शैलीत आहे.’ त्या मंदिरातला शिलालेख शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातला. हेमाद्री पंडित, म्हणजेच हेमाडपंत, हा यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. मंदिर त्याच्या दोनशे वर्षे आधी उभे होते. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवणे, ज्याला लोक ‘हेमाडपंती’ म्हणतात, हे बांधणीचे तंत्र आहे, ते काळही सांगत नाही आणि शैलीही. अंबरनाथचे शिखर भूमिज आहे. म्हणजे मधल्या उभ्या लता (खालून वर जाणारे सलग पट्टे) आणि त्यांच्यामध्ये एकावर एक चढत गेलेल्या छोट्या शिखरिकांच्या रांगा, एवढे ओळखून लिहिले तरी वाक्य बरोबर येते. गावच्या फलकावर ‘हेमाडपंती’ असेल तर तो तिथला लोकव्यवहार समजून नोंदवा, पण तुमच्या विश्लेषणात तो शब्द नको.

शकाचे रूपांतरही असेच घाईत होते. शकवर्षात 78 मिळवा, एवढेच पाठ असते. शकवर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची तिथी बहुधा पुढच्या इसवी सनात पडते आणि तिथे 79 मिळवावे लागतात. लेखात महिना दिला नसेल तर ‘1060-61’ असे जोडवर्ष लिहावे. विक्रम संवत असेल तर ढोबळमानाने 57 वजा. आधी संवत कोणता ते लेखात पाहा, मग आकडेमोड करा.

अजिंठ्याच्या चित्रांना ‘फ्रेस्को’ म्हणणे ही इतकी जुनी चूक आहे की ती छापील मजकुरातही सापडते. फ्रेस्कोत ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावतात आणि चुना सुकताना रंग धरून ठेवतो. अजिंठ्यात खडकावर मातीचा गिलावा आहे, त्यात भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळलेले. त्यावर पांढरा पातळ थर, आणि तो सुकल्यावर डिंकासारख्या बंधकात कालवलेले रंग. पापुद्रे का सुटतात, ओल का घातक ठरते, हे सगळे या फरकावर अवलंबून आहे. म्हणून हा नुसता शब्दांचा वाद नाही.

अजिंठा आणि वेरूळच्या लेणी-क्रमांकांना कालक्रम समजू नका. वेरूळचे आकडे दक्षिणेकडून उत्तरेकडे चालत दिलेले आहेत. अजिंठ्यात 9 आणि 10 ही चैत्यगृहे (स्तूप असलेली प्रार्थनागृहे) सर्वांत जुन्यांपैकी, सातवाहनकाळातली, तर 1 आणि 2 ही पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली.

मूर्ती पाहताना होणारी सर्वांत महागडी चूक डाव्या-उजव्याची. वर्णन नेहमी मूर्तीच्या उजव्या-डाव्याने करायचे, तुमच्या नव्हे. चतुर्भुज विष्णूच्या चोवीस रूपांत चारही आयुधे तीच असतात, फक्त हात बदलतात. क्रम वाचायचा तो असा: खालचा उजवा, वरचा उजवा, वरचा डावा, खालचा डावा. ‘रूपमंडन’ या मूर्तिशास्त्राच्या ग्रंथाप्रमाणे पद्म-शंख-चक्र-गदा असेल तर केशव, शंख-पद्म-गदा-चक्र असेल तर नारायण. आता केशवाची मूर्ती उलट्या बाजूने वाचा: गदा-चक्र-शंख-पद्म, म्हणजे माधव! आरशासारखा उलटा झालेला फोटोही हाच घोळ घालतो, म्हणून जागेवरच वहीत चार हातांची छोटी आकृती काढा. हात तुटला असेल तर ‘भग्न’ लिहा, तिथे काय असेल ते भरू नका. ग्रंथागणिक क्रम बदलतो, त्यामुळे कोणत्या ग्रंथाची यादी वापरली तेही नोंदवा. आणि नाव शेवटी. आसन, मुद्रा, आयुधे, वाहन, परिवारदेवता, दगड, उंची हे सगळे लिहून झाल्यावर ओळख पटवा. आधी नाव लिहिले की डोळे त्या नावाला हवे तेवढेच पाहतात.

उत्खननाच्या खड्ड्यात घाई अधिक नडते, कारण तिथे खोदलेले परत भरून पुन्हा पाहता येत नाही. नेहमीची मांडणी 5 × 5 मीटरच्या चौकोनांची, त्यात मधले बांध (न खोदता राखलेले मातीचे पट्टे) सोडून प्रत्यक्ष खोदायला 4 × 4 मीटर उरतात. नवखे विद्यार्थी ठरावीक 10 सेंमी खोलीचे टप्पे करत उतरतात आणि मातीचा रंग बदललेला त्यांच्या लक्षात येत नाही. ट्रॉवेलने पृष्ठ सपाट खरवडा, हलके पाणी शिंपडा, मग तिरप्या उन्हात पाहा. गोल किंवा लांबट डाग दिसला तर तो जुना खड्डा असू शकतो. असा खड्डा आजूबाजूच्या थराच्या आधी वेगळा रिकामा करायचा आणि त्यातली खापरे वेगळ्या पिशवीत ठेवायची. थरांचे आकडे वरून खाली वाढत जातात. खड्डा थर 4 मध्ये दिसला म्हणून तो थर 4 चा होत नाही; तो कोणत्या थराने झाकला आहे आणि कोणाला कापतो, ते लिहा: ‘(3) ने झाकलेला, (4) ला कापणारा’. ही ओळ राहिली की वरच्या काळातली खापरे खालच्या काळाच्या तक्त्यात जाऊन बसतात.

काळ्या मातीत आणखी एक फसवणूक असते. उन्हाळ्यात रेगूर मातीला खोल भेगा पडतात, वरचे मणी, नाणी, छोटी खापरे त्यांतून खाली घसरतात आणि पावसात भेग मिटते. खालच्या थरात एखादीच विसंगत वस्तू मिळाली तर सिद्धान्त मांडण्याआधी तिच्याभोवतीची माती तपासा.

खोली जमिनीपासून मोजू नका. टेकाड उतरते असते, त्यामुळे दोन टोकांच्या ‘85 सेंमी’चा अर्थ वेगळा होतो. खोली डेटम बिंदूपासूनच, म्हणजे सगळ्या मोजमापांसाठी एकदा ठरवलेल्या पक्क्या बिंदूपासूनच मोजायची. सेक्शन, म्हणजे खड्ड्याच्या उभ्या भिंतीतल्या थरांचे रेखाटन, काढताना आडवी दोरी पाणसळीने तपासा. सैल पडली की ती मधोमध झुकते आणि सगळे थर कागदावर वर चढतात. खापरांच्या पिशवीला दोन चिठ्ठ्या हव्यात, एक आत, एक बाहेर, दोन्ही पेन्सिलने लिहिलेल्या. शाई ओलीत पसरते आणि चिठ्ठी गेलेली पिशवी नुसती खापरांची रास उरते.

गोदावरी खोऱ्यातल्या दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन स्थळाचे उदाहरण समोर ठेवा. तिथला प्रसिद्ध ब्राँझ रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा 1974 मध्ये झुडपाचे खोड खणताना गावकऱ्यांना मिळाले, उत्खननात नव्हे. थराची नोंद नसल्याने त्यांच्या काळाबद्दल मतभेद राहिले, जरी नंतर त्याच जागी सविस्तर उत्खनन झाले तरी.

खापराचे रेखाटन: काठाचा तुकडा उलटा करून टेबलावर ठेवा आणि खालून उजेड दिसेनासा होईपर्यंत कलवा, तोच त्याचा खरा कल. अंदाजाने धरले तर वाडग्याची थाळी होते. मग वर्तुळांच्या तक्त्यावर व्यास बघा. काठ पूर्ण वर्तुळाच्या 5 टक्क्यांहून कमी उरला असेल तर व्यास देऊ नका. 20 सेंमी व्यासाच्या भांड्यात 5 टक्के म्हणजे जेमतेम 3 सेंमीचा तुकडा. मोजणीत नुसते नग लिहिले तर एक मोठा रांजण फुटून वीस वाडग्यांना मागे टाकतो, म्हणून वजनही घ्या. आणि ‘काळी-तांबडी भांडी’ दिसली की ‘महापाषाणीय’ (मोठ्या शिळा वापरून केलेल्या दफनांच्या काळातली) असा शिक्का मारू नका. आतून व काठाला काळे आणि बाहेरून तांबडे होणे हा भाजणीचा परिणाम आहे; ही भांडी ताम्रपाषाणयुगातही आहेत, विदर्भातल्या शिळावर्तुळांतही, आणि त्यानंतरही. हेमाडपंतीचीच चूक, वेगळ्या कपड्यात.

रेडिओकार्बन तारखेतला ‘बीपी’ (बिफोर प्रेझेंट, ‘वर्तमानापूर्वी’) आजपासून नव्हे, 1950 पासून मोजतात. शिवाय 3000 बीपी म्हणजे सरळ इ.स.पू. 1050 नव्हे, कॅलिब्रेशननंतर, म्हणजे प्रयोगशाळेतले वर्ष खऱ्या कॅलेंडर वर्षात बदलल्यावर, ती तारीख इ.स.पू. 1250 च्या आसपास जाते. पुस्तकातली जुनी, कॅलिब्रेट न केलेली तारीख आणि नवी तारीख एकाच तक्त्यात टाकू नका. तारखेसाठी नमुना घेताना कोळसा हाताने किंवा कापसाने न उचलता चिमट्याने ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवा, मुळे काढून टाका. पर्याय असेल तर जळालेले धान्य निवडा: धान्य एका हंगामाचे असते, सागाच्या गाभ्याचा कोळसा मात्र घर बांधण्याच्या शंभर-दीडशे वर्षे आधीचा असू शकतो.

सर्वेक्षणाला निघताना गावात ‘पुरातत्त्वीय स्थळ’ विचारत बसू नका. ‘पांढर कुठे आहे’, असे विचारा. जुन्या वस्तीच्या राखाडी टेकाडाला गावोगावी हाच शब्द आहे आणि तिथली माती शेतात खत म्हणून नेली जाते, त्यामुळे वाट दाखवणारे लगेच भेटतात. शेतमालकाची परवानगी घ्या. वस्तू गोळा करायच्या असतील तर पुरातत्त्व खात्याचीही. आणि एखाद्या पोराने ‘हे घ्या साहेब’ म्हणून नाणे दिले तर ते खिशात टाकू नका. 1878 च्या कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीच्या, जमिनीत सापडलेल्या निधीची (गुप्तधनाची) माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. नाणे जिथे सापडले ती जागा त्या पोरालाच दाखवायला सांगा, आणि वहीत शेताचा गट क्रमांक लिहून घ्या.