कॅम्पर व्हॅनच्या अडीच फुटांत टॉयलेट बसवताना

पोर्टेबल टॉयलेटच्या खोक्यावर टाकीचे लिटर छापलेले असतात आणि शेजारी ‘इतक्या वेळा वापर’ असा आकडा. तो आकडा कागद वापरणाऱ्यांसाठी काढलेला असतो. आपल्याकडे धुतल्याशिवाय कुणी उठत नाही, टमरेलात सहज लिटरभर पाणी असतं आणि ते सगळं खालच्या, मैल्याच्या टाकीतच साठतं. त्यामुळे हिशेब आपला आपणच करायचा.

लघवीला एका वेळी सुमारे ३०० मिली, वर २०० मिली फ्लश. दिवसातून पाच वेळा म्हणजे अडीच लिटर. शौचाला अर्धा लिटर फ्लश आणि लिटरभर धुण्याचं पाणी धरलं, तर मैल्यासकट पावणेदोन. एका माणसाचे दिवसाला सव्वाचार लिटर, दोघांचे साडेआठ. म्हणजे १० लिटरची टाकी दोघांना जेमतेम एक दिवस पुरते, २० लिटरची दोन दिवस. दिवसा पेट्रोल पंपावरची आणि फूडमॉलची शौचालयं वापरून व्हॅनमधलं फक्त रात्री-पहाटे वापरणार असाल, तर हेच दिवस दुप्पट होतात. चौघांच्या कुटुंबाने १० लिटरचा विचारही करू नये.

टाकी मोठी घेण्यापेक्षा पाणी कमी करणं स्वस्त पडतं. मिनिटाला सहा लिटर देणाऱ्या १२ व्होल्टच्या पंपावर जेट लावला, तर दहा सेकंदांत लिटर संपतं. त्याऐवजी कुंड्यांवर फवारायची हातपंपाची दीड-दोन लिटरची प्रेशर बाटली घ्या. तिचं तोंड फिरवून बारीक धार ठेवली की पाव लिटरमध्ये काम होतं. बाटली हाताशी, उजव्या बाजूला अडकवा. टमरेल आत ठेवूच नका. असलं की वापरलं जातं.

प्रकारांबद्दल फार घोळ घालायला नको. पिशवी लावायची घडीची खुर्ची एका रात्रीपुरती ठीक. लघवी वेगळी काढणारं कोरडं टॉयलेट पाण्याने धुणाऱ्या घरात चालत नाही. त्यातला कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) भिजला की वास सुटतो आणि पावसाळ्यात तो वाळत नाही. जागेवर पक्कं बसवलेलं कॅसेट टॉयलेट वापरायला उत्तम, पण टाकी बाहेरून काढण्यासाठी व्हॅनचा पत्रा कापून दार करावं लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत, त्यामुळे फॅब्रिकेटर ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी आधी आरटीओत विचारा. उरतं ते दोन टाक्यांचं फ्लशवालं पोर्टेबल: वर स्वच्छ पाणी, खाली मैला, मध्ये सरकणारी पाती. छोट्या व्हॅनला हेच बरं.

मापं घेताना टॉयलेटचा तळ मोजून थांबू नका. बाथरूम २ बाय अडीच फुटांचं असेल, तर तेवढ्याच आकाराचा पुठ्ठा जमिनीवर टाका आणि टॉयलेटच्या उंचीच्या खोक्यावर दार लावून बसून बघा. गुडघे दाराला टेकता कामा नयेत. १० लिटरची बुटकी मॉडेलं साधारण एक फूट उंच असतात. मुलांना चालतात, पण गुडघे दुखणाऱ्या आजीला त्यावरून उठवायला दोन माणसं लागतील. मोठ्यांना १६ ते १८ इंच हवेत. बुटकं मॉडेल १९ मिमी मरीन प्लायच्या चौथऱ्यावर चढवता येतं, पण चौथरा जमिनीला आणि टॉयलेट चौथऱ्याला पक्कं झालं पाहिजे. सीट किती किलो वजन पेलते, हेही माहितीपत्रकात बघून घ्या.

यापुढची मापं बरेच जण विसरतात. पाणी भरायचं झाकण बहुतेक वेळा मागच्या कोपऱ्यात वर असतं. त्यावर फळी आली तर प्रत्येक वेळी अख्खं टॉयलेट ओढून भरावं लागेल. फ्लशचा पिस्टनचा पंप वर ओढायचा असेल, तर हाताला जागा हवी. दोन टाक्या अलग करायचा खटका बाजूला आहे की मागे, तेही बघा. भिंतीला चिकटवून बसवलं आणि खटका मागे निघाला, की रोजची चिडचिड. शेवटी दाराची रुंदी: खालची टाकी कुठेही न तिरपी होता बाहेर आली पाहिजे. २० लिटरची भरलेली टाकी वीस किलोंच्या वर जाते आणि ती व्हॅनच्या पायरीवरून उतरवायची असते. हे काम ड्रायव्हरवर किंवा पंपावरच्या पोऱ्यावर ढकलू नका. स्वतःला उचलवत नसेल, तर १० लिटरच्या दोन खालच्या टाक्या ठेवा. एक भरली की दुसरी लावायची.

दुकानात किंवा घरी आल्या आल्या एक चाचणी करा. खालच्या टाकीत पाच लिटर पाणी घाला, पाती बंद करा, वर्तमानपत्र पसरून त्यावर टाकी उलटी ठेवा आणि दहा मिनिटं थांबा. कागदावर थेंबभर डाग आला तरी परत करा. मग पाती दहा-बारा वेळा उघडझाप करा; खरखर लागली तर रबराचा वायसर दुमडलेला असतो. सुटा वायसर मिळणार नसेल, तर मॉडेल कितीही सुंदर असलं तरी सोडून द्या. या यंत्रात आधी जातो तो वायसरच. त्याला व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, रबर फुगतं आणि गळती सुरू होते. सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा.

मुंबईकरांना घाट टळत नाही, आणि बंद टाकीला घाट सोसत नाही. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला, सुमारे १,३५० मीटरवर पोचेपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब साधारण १५ टक्क्यांनी उतरतो. टाकीतली हवा मात्र खालचीच. वर उन्हाने वायू वाढलेला. अशा वेळी बसून पाती उघडली, की टाकीतलं पाणी उसळून अंगावर येतं. म्हणून घाट चढून गेल्यावर आधी सीटचं झाकण बंद करायचं, मग पाती बोटभर उघडून ‘फुस्स’ होऊ द्यायचं, मग वापरायचं. उतरून आल्यावर उलटं होतं: टाकी आत ओढली जाते आणि पाती अडकते. जोर लावू नका, खालच्या टाकीवरचं हवेचं बटण दाबून हवा आत जाऊ द्या. प्रवासात पाती बंद आणि टॉयलेट तळाच्या ब्रॅकेटला किंवा रॅचेट बेल्टने आवळलेलं हवं.

वास थांबवायला खालच्या टाकीत घालायच्या औषधात निळं आणि हिरवं असे दोन प्रकार दिसतात. निळं जंतू मारून वास थांबवतं, त्यामुळे अलिबागच्या होमस्टेच्या सेप्टिक टँकमध्ये ते ओतलं तर तिथले कामाचे जंतूही मरतात. सेप्टिक टँकला चालतं असं लेबलवर लिहिलेलं हिरवंच घ्या. रिकाम्या टाकीत आधी लिटरभर पाणी, मग बाटलीवर दिलेल्या मापाचं औषध. कोरड्या तळाला मैला चिकटतो आणि ढीग होतो. औषध किती दिवस पुरतं याचे लेबलवरचे आकडे थंड हवेचे असतात. एप्रिल-मेमध्ये व्हॅन उन्हात उभी असेल, तर टाकी अर्धी असली तरी दोन दिवसांत रिकामी करा. फिनेल नको. टॉयलेट साफ करायचं ॲसिड तर नकोच: वायसर जातो आणि ब्लीचशी गाठ पडली तर क्लोरीन वायू सुटतो. ओले वाइप्स आणि पॅड कचऱ्याच्या पिशवीत.

ओतायची जागा म्हणजे कमोड किंवा भारतीय संडास, मग तो घरचा असो वा परवानगी विचारून सार्वजनिक शौचालयातला. रस्त्याकडेच्या गटारात कधीच नाही. मुंबईतली पावसाळी गटारं थेट खाडी-समुद्राला मिळतात. ओतताना नळीचं तोंड खाली गेल्यावरच अंगठ्याने हवेचं बटण दाबा. आधी दाबलंत तर त्याच भोकातून पिचकारी उडेल. न दाबता ओतलंत, तर गुडगुड करत शिंतोडे उडतील. मग दोन-तीन लिटर पाणी घालून हलवा, पुन्हा ओता.

कर्जत-पनवेलकडचं बोअरचं पाणी वरच्या टाकीत भरत असाल, तर पातीवर पांढरा थर चढतो. महिन्यातून एकदा लिटरभर पाण्यात दोन चमचे सायट्रिक ॲसिड घालून अर्धा तास ठेवा, खळखळून धुवा, वायसर पुसून पुन्हा ग्रीस लावा. पावसाळ्यात व्हॅन महिनोन्‌महिने उभी राहणार असेल, तर दोन्ही टाक्या रिकाम्या करून वाळवा, झाकणं सैल ठेवा आणि पाती उघडी ठेवा. दाबून ठेवलेला वायसर चपटा होतो आणि दिवाळीच्या पहिल्याच ट्रिपला गळतो.