बर्फात गाडी न्यायची तर टायर, चेन आणि बाकीचं

डिसेंबर उजाडला की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या टायरच्या दुकानात कोण ना कोण 'बर्फात चालणारे टायर हैत काय' म्हणून विचारायला येतोच. मनाली नाहीतर काश्मीर, स्वतःची गाडी, चार-पाच दोस्त, ठरलेलं असतंय. जावा की, पण तयारी करून जावा. आणि पुढचं सगळं वाचायचा कंटाळा असेल तर एवढं एकच करा, चेन, म्हणजे बर्फात चाक घसरू नये म्हणून टायरवर चढवायची साखळी, घेतली की ती हितं, आपल्या दारात, आपल्या गाडीच्या चाकावर एकदा चढवून बघा. बाकीचं काय चुकलं तर वाटेत पैसे टाकून निस्तरता येतंय.

आधी टायर. आपल्याकडची कडाक्याची थंडी म्हणजे पहाटे १३-१४ डिग्री, तेवढ्यातच आपण कानटोपी घालून रंकाळ्यावर फिरतो. टायरला खरी थंडी वाजते ती साधारण ७ डिग्रीच्या खाली. तिथनं पुढं साध्या टायरचं रबर कडक होत जातं आणि कडक रबर बर्फावर धरत नाही, नक्षी कितीही नवी असू दे. विंटर टायरचं रबर वेगळं असतं, त्यात सिलिका जास्त, ते शून्याच्या खाली पण मऊ राहतं, आणि टायरच्या ठोकळ्यांवर ब्लेडनं चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात त्यांच्या कडा बर्फात रुततात. दुकानदार टायरच्या बाजूवरचं 'एम प्लस एस' (मड प्लस स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) दाखवून बर्फाचा टायर म्हणून विकायला बघेल, त्याला भुलू नका. ते अक्षर कंपनी नुसती नक्षी बघून स्वतःच छापते, त्याला परीक्षा कसली नाही. बघायचं ते चित्र, तीन शिखरांचा डोंगर आणि त्याच्या आत बर्फाची चांदणी. ते चित्र बर्फावरची चाचणी पास झाल्याशिवाय मिळत नाही. जर्मनीत १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम प्लस एसला हिवाळी टायर म्हणून धरतच नाहीत, डोंगराचं चित्र पाहिजेच.

आता माझं मत विचाराल तर एका ट्रिपसाठी विंटर टायर घेऊ नका. कोल्हापूर ते मनाली दोन हजार किलोमीटरच्या वर, त्यातला बर्फ अगदी शेवटच्या तुकड्यात, आणि तो पण पडला तर. ते मऊ रबर दुपारच्या उन्हात हायवेवर खोडरबरासारखं झिजत जाणार, वर गरम डांबरावर ब्रेकला साध्या टायरपेक्षा जास्त अंतर घेणार. शिवाय आपल्या साइजचा विंटर टायर कोल्हापुरात शेल्फवर मिळणं मुश्कील. आपल्या जिल्ह्यात सैनिक टाकळीसारखी घरटी फौजी असलेली गावं हैत, तिथला कोण पोस्टिंगला जाऊन लेहला दोन वर्षं गाडी ठेवणार असेल तर गोष्ट वेगळी, त्यानं चार विंटर टायर चाकाच्या वेगळ्या डिस्कवर (रिमवर) बसवून घ्यावेत आणि उन्हाळ्यात काढून ठेवावेत. आपल्यासारख्या हौशी माणसानं डोंगराचं चित्र असलेला ऑल सीझन (बारमाही) किंवा ऑल टेरेन (कच्च्या-पक्क्या सगळ्या रस्त्यांचा) टायर साइजमध्ये मिळाला तर बघावा, नाही मिळाला तर आपलेच चांगल्या नक्षीचे टायर आणि सोबत चेन.

चांगली नक्षी म्हणजे किती? कायद्याला १.६ मिलिमीटर खोली चालते, बर्फाला चालत नाही. ऑस्ट्रियात हिवाळी टायरची नक्षी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळी टायर धरत नाहीत, तोच हिशोब आपण धरायचा. खोली मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, मध्ये आणि दोन्ही कडांना मोजा, एकाच ठिकाणी मोजून 'हाय की अजून' म्हणू नका. टायरच्या बाजूला चार आकडी नंबर असतो, ३५२३ म्हणजे २०२३ सालचा ३५ वा आठवडा, तो बघूनच पैसे द्या. आणि बदलायचे तर चारही बदला. पुढं दोन नवे आणि मागं गुळगुळीत असं केलं की पुढचं चाक धरतंय, मागचं निसटतंय, आणि गाडी वळणावर मागनं फिरते.

इथंच एक मेख हाय. बरेच जण टायर बदलताना एक साइज वाढवून घेतात, रुंदी २०५ च्या जागी २१५, गाडी उठून दिसते म्हणून. चेन मात्र गाडीचं मॉडेल सांगून मागवतात. पिशवीवर छापलेला साइज कंपनीच्या टायरचा, चाकावर बसलाय दुसराच. मागच्या खेपेला आमच्या डिकीत चेन होती, नवी कोरी, पिशवीचं सील पण फोडलेलं नव्हतं, आणि मनालीजवळच्या सोलंगच्या अलीकडं ती उघडली तर आतला हूक कडीपासून दोन बोटं लांब. हातमोजे घालून हूक धरता येत नाही आणि काढले तर बोटं चालत नाहीत. शेवटी तिथल्याच एका पोराकडनं भाड्यानं चेन घेतली, त्यानं बघता बघता चढवली आणि आम्ही बाजूला उभं राहून बघत होतो. तिकडं बर्फ पडला की पोलीस गाड्या अडवतात, फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतंय ती गाडी) नाहीतर चेन असेल तरच पुढं सोडतात, म्हणजे चेन बसली नाही आणि भाड्याची पण मिळाली नाही की ट्रिप तिथंच संपली.

म्हणून परत सांगतो, घरी चढवून बघा. कशी ते पण सांगतो. गाडी मातीवर घ्या, चेन चाकाच्या मागनं सरकवा, आधी आतल्या बाजूचा हूक, मग बाहेरचा, मग ताणायचं रबर. इंजिन कुठली चाकं फिरवतंय ते मॅन्युअलात बघा, चेन त्याच चाकांना. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढची. लावल्यावर स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि खाली वाकून बघा, ब्रेकच्या पाइपला किंवा सस्पेन्शनला घासते का. घासत असेल तर ती चेन परत करा, दुकानदार 'चालतंय ओ' म्हणेल, नाही चालत. गाडी चार फूट पुढं-मागं घ्या, परत ताणा. दोनदा करा, त्यातलं एकदा हातमोजे घालून. शेजारी हसतील, कोल्हापुरात बर्फ पडला काय म्हणून विचारतील, विचारू देत. तिथं चेनवर ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जायचं नाही, शे-दोनशे मीटरवर थांबून परत ताणायची आणि डांबर दिसलं की काढायची, नाहीतर टायर फाटतो.

फोर बाय फोरवाल्यांना वाटतं हे आपल्याला नाही. फोर बाय फोर गाडी हलवते, थांबवत नाही. थांबवायचं काम चार टायरचं, आणि बर्फावर जोरात ब्रेक मारला की आपलं ते खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी.

हवा. थंडीत दर ५-६ डिग्रीला टायरचा दाब साधारण एक पीएसआय उतरतो, त्यामुळं हितं भरलेल्या हवेवर विसंबू नका, तिथं सकाळी गाडी हलवायच्या आधी बघा. ग्रिप वाढते म्हणून हवा कमी करणारे सल्लागार भेटतील, ऐकू नका. स्टेपनी पण त्याच साइजची आणि हवा भरलेली. स्टेपनीला चेन बसते का? तिचा साइज वेगळा असेल तर नाही बसत, ते पण घरीच बघा.

रेडिएटरात आपल्याकडं खुशाल नळाचं पाणी ओततात. ते सगळं काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरून घ्या, पाणी गोठलं की फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फोडतं. वायपरच्या टाकीतलं पाणी पण काढून न गोठणारं घाला. डिझेलवाल्यांनी वर चढताना तिथल्याच पंपावर टाकी भरावी, खालचं डिझेल थंडीत घट्ट होतं. लडाखसाठी २०१९ पासून उणे ३३ पर्यंत चालणारं वेगळं डिझेल येतं ते उगाच नाही. बॅटरी जुनी असेल तर बदला.

रात्री हँडब्रेक ओढू नका, गोठतो, गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. वायपर उचलून ठेवा. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात, तिथं हळू. फावडं, टॉर्च, दोरी, जुनं पोतं. बाकी कपडे-बिपडे तुमचं तुम्ही बघा.

परत आल्यावर चेन धुवून, वाळवून, तेल लावून ठेवा, तिकडं रस्त्यावर मीठ टाकलेलं असलं तर लगेच गंजते. आणि पुढच्या वर्षी कोण उसनी मागायला आलं तर आधी त्याच्या टायरचा साइज विचारा.